टिनावरचा आळ

काकाजींकडे कोणीही गेलं की चहाच्या आधी परीक्षा. पितळेचा एक जुना गिलास होता. त्यात थंडगार पाणी भरून ते तो समोरच्या स्टुलावर ठेवायचे आणि गप्प बसायचे. आलेला माणूस बिचारा चहाची वाट बघतोय, आणि हे गिलासाकडे बघतायत. पाच-सात मिनिटांत गिलासाच्या अंगावर बारीक थेंब धरायचे, एखादा ओघळायचाही. मग काकाजी बोट दाखवून विचारायचे, "हे पाणी कोठून आलं, सांग."

पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही विचारलं. पुढारी हात जोडून म्हणाला, "काकाजी, निवडून येऊ द्या, तुमच्या लेआउटमध्ये नळ आणतो." काकाजींनी त्याला चहा दिला नाही.

जो म्हणेल 'गिलास गळते', तो नापास. 'भरताना तुमच्याच हातून सांडलं असंन' म्हणणारा नापास तर नापास, वर उद्धट. 'मले माहीत नाही जी' म्हणणाऱ्याला मात्र चहा मिळायचा, आणि काकाजी खुशीत असले तर शेंगदाणेही. 'हवेतून आलं' असं बरोबर सांगणारे मी तिथे दोनच बघितले. एक हायस्कूलचे मास्तर आणि एक बर्फ विकणारा. मास्तरांनी पुस्तकातलं सांगितलं म्हणून त्यांना निम्मेच गुण दिले.

मे महिन्यात परीक्षेला सुट्टी असायची. नागपूरच्या त्या कोरड्या उन्हात माठातलं पाणी कितीही गार असो, गिलास बाहेरून कोरडाच राहायचा. "आता हवाच उपाशी आहे वं, ते कोठून पाणी देईन?" असं म्हणून ते गिलास घासून फडताळात ठेवायचे. पावसाळ्यात बर्फाचा खडा टाकायचा, हिवाळ्यात रात्रभर अंगणात गारठलेलं पाणी घ्यायचं, असा त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला होता.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहून उपयोग नाही. प्रताप नगरात त्या नावानं त्यांना कोणी ओळखलं नसतं. समोर काकाजी, पाठीमागे घामकाकाजी. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी डब्यांच्या छपरांवर गेली होती. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या प्लॉटवर त्यांनी स्वतःच्या हातानं टिनाचं घर बांधलं आणि त्यात एकटे राहायला आले. तेव्हा प्रताप नगर म्हणजे नुकतंच आखलेलं लेआउट, अर्धे प्लॉट आणि अर्धं गवत. लोक हसायचे. सारी जिंदगी टिनावर काढली अन् आता टिनाखाली मरणार, असं म्हणायचे.

मे महिना आला की हसणं बंद. लेआउटमधल्या स्लॅबच्या घरांत पंखे गरम वारा फेकायचे, आणि त्याच घरांतल्या बाया दुपारी गहू निवडायला काकाजींच्या टिनाच्या घरात येऊन बसायच्या. वरून पत्र्याला चुन्याचा जाड हात, आतून पत्र्याच्या खाली चार बोटं जागा सोडून बुरडानं विणलेले बांबूचे तट्टे. बस्स, एवढंच. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला तर तो चमत्कारच वाटला होता. आणि स्वतः काकाजी त्या उन्हात अंगात दोन सदरे घालून हिंडायचे. आतला ढगळ, बाहेरचा त्याहून ढगळ.

"काकाजी, मरान नं एखाद्या दिवशी!" मी ओरडायची.

"मधात हवा आहे वं पोरी. हवेसारखी रजई नाही कोठं."

एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. 'गळते'. छप्पर असो, माठ असो, नळ असो, 'गळते' म्हटलं की ते म्हातारे गृहस्थ ताठ उभे राहायचे. "पाह्यलं का तुवा? कोठून गळते ते दाखव. नाही दाखवता येत तं त्याच्यावर आळ नको घेऊ." जणू कोणा गरिबाला चोर म्हटलं. अन् खरं गळत असलं तर स्वतः शिडी लावून चढायचे, पण आधी पुरावा पाहिजे.

मला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हाची गोष्ट सांगते. मुलगा देखणा, सरकारी नोकरीत, चामड्याचे बूट. काकाजी आमच्या घरचेच झाले होते, तेही येऊन बसले, आणि मी पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आले तो काय, गिलास मांडलेला! मुलानं गिलास उचलला आणि झटक्यात सांगितलं, "याले बारीक भोक आहे. फेका हा, नवीन घ्या." पाहुणे गेल्यावर काकाजी आईला म्हणाले, "बाई, पोरगं हुशार आहे. पण न पाहता भोक आहे म्हणते. उद्या तुमच्या पोरीबद्दलही म्हणंन." आईनं नकार कळवला. मी दोन दिवस काकाजींशी बोलले नाही. नंतर ज्याच्याशी माझं लग्न झालं तो गिलासाकडे बघून म्हणाला होता, "पाच मिनिटं अजून पाहू द्या नं जी." त्याला शेंगदाण्यांवर गूळही मिळाला.

पण मला सांगायचंय ते आमच्या गॅरेजचं.

आमचं बिछायत केंद्र होतं. लग्नाकार्याला सतरंज्या, गाद्या, लोड, कनाती भाड्यानं द्यायच्या. बाबांचा जीव मात्र पांढऱ्या चादरींत. आमच्या लग्नांत नवरानवरी पांढरं नेसून बसतात, मग त्यांच्या खालची चादर त्याहून पांढरी पाहिजे, असा त्यांचा हट्ट. चादरींची नीळ ते स्वतः करायचे, आईलाही हात लावू द्यायचे नाहीत. बाबा अचानक गेले. सामान इतवारीतल्या भाड्याच्या खोलीत होतं, ती मालकानं परत मागितली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, घरात मी आणि आई.

बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, रोज संध्याकाळी सायकलवरून यायचे. माणूस वाईट नव्हता. आम्हाला त्यांनी एक दिवस उपाशी ठेवलं नाही. पण बोलणं एकच. "हा बाईमाणसाचा धंदा नाही. बिछायत मी पाहतो, तू पोरीचं लग्न पाह्य." आई पदर सावरून ऐकून घ्यायची. आमची आई फार बोलणारी नव्हती. एका संध्याकाळी तेवढी म्हणाली, "भाऊजी, मले यांची बिछायत चालवायची आहे. आपल्या प्लॉटवर टिनाचं गॅरेज उभं करते. तुम्ही फक्त निवडायले सोबत चाला."

तर आम्ही तिघं वाडीला गेलो. अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे, एकजण नट-बोल्टनं जोडायची लोखंडी गॅरेजेस विकायचा. तीन उभी होती. मोठे बाबा एकेका गॅरेजमध्ये शिरायचे, दार धाडकन लावून घ्यायचे आणि आतून ओरडायचे, "उजेड दिसते!" पहिल्यात दिसला. दुसऱ्यात दिसला. तिसऱ्यात दार लावलं आणि आतून आवाज आला, "वा रे वा! सुईएवढा उजेड नाही. मुंगी नाही शिरत आत!"

"अन् हवा?" आईनं विचारलं.

"गाद्यांले हवा कायले लागते वं? त्या का झोपून राहिल्या आत?"

विकणारा हसला, हमाल हसले, मीही खी खी करून हसले. आईही मग हसली आणि गप्प झाली. पुढे काकाजी म्हणायचे की त्या दिवशी त्या यार्डात शहाणं माणूस एकच होतं आणि त्याला सगळ्यांनी हसून गप्प केलं. हसणाऱ्यांत मी होते, हे मी अजून विसरले नाही.

गॅरेज आलं. मुरमाच्या जमिनीवर उभं राहिलं, खाली फरशी नाही, काही नाही. सामान भरलं. डिसेंबर लागला. एक दिवस भल्या पहाटे चादरी काढायला मी दार उघडलं तर आत टप्, टप्, टप्. बाहेर आभाळ असं निरभ्र की चांदण्या मोजाव्यात, आणि आत पाऊस! माझ्या मानेवर एक थेंब पडला तो बर्फासारखा गार. गाद्यांच्या थप्पीवर ओल, चादरींच्या गाठोड्यावर ओल.

मोठे बाबा शिडी घेऊन आले. रात्रीचं दव छपरावर पडते अन् बोल्टांच्या भोकांतून गळते, असं त्यांनी निदान केलं. त्या वयात, त्या थंडीत, दोन दिवस छपरावर बसून त्यांनी एकूण एक बोल्टवर डांबर ओतलं. धोतर खराब करून घेतलं. तरी टप् टप्. मग त्यांनी खालून जिथे जिथे पत्रा जमिनीला टेकतो तिथे सिमेंट भरलं, दाराच्या फटीत बारदान ठोकलं. म्हणाले, "आता श्वासही नाही जाऊ शकत." त्यानंतर टप् टप् दुप्पट झालं.

आणि चादरींवर ठिपके आले. बारीक, काळे, मोहरीएवढे. धुवून जाईनात.

एका लग्नात ते उघडे पडले. नवरीच्या मावशीनं चादरीचा कोपरा उचलला, नाकाशी नेला आणि मोठ्यानं विचारलं, "हे कोणाकडचं सामान आहे वं?" मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी मान खाली घालून सतरंजीच्या सुरकुत्या काढत बसले. आई उठली, त्या कोपऱ्यावर जाऊन बसली, आणि सगळं लग्न होईस्तोवर तिथून हलली नाही. कोणी जेवायला बोलावलं तरी नाही. आपल्या पातळाखाली तो काळा कोपरा झाकून बसलेली आई मला आजही दिसते.

त्या संध्याकाळी मोठे बाबा सायकलवरून उतरले ते बसलेच नाहीत. "पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचं लग्न आहे. चादरी आपल्याच घरच्या लागतीन. एक ठिपका दिसला, एक, तं गॅरेजची किल्ली माझ्या हातात द्यायची. मंजूर?"

आई म्हणाली, "मंजूर."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅरेजसमोर उभी राहून त्याला शिव्या देत होते. माणसाला देतात तशा. "मुडदा बशिवला तुझा! गळू गळू आमचं घर बुडवलं!" तोच तारेच्या कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय म्हणाली तू?"

तोवर आमची काकाजींशी ओळख नव्हती. अंगात दोन सदरे, वर एक घोंगडं, असा तो लांबट म्हातारा कितीतरी दिवस डांबराचा कार्यक्रम आपल्या ओट्यावरून बघत होता. कोणी बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या छपराखाली जायचं नाही हा त्यांचा नेम. पण 'गळू गळू' ऐकलं आणि राहवलं नाही.

"गळते म्हणालीस. पाह्यलं का?"

"पाह्यलं म्हणजे? टपटपून राहिलं नं आत! या अन् पाहा!"

"बोलावून राहिली तं येतो," ते म्हणाले, पण आधी घरात गेले आणि पितळेचा गिलास घेऊन आले. रात्रभर अंगणात ठेवलेलं पाणी होतं त्यात, बोटं गोठावीत असं. गॅरेजमध्ये शिरून त्यांनी तो गाद्यांच्या थप्पीवर ठेवला आणि मला दार ओढून घ्यायला सांगितलं. आई कंदील घेऊन आली. आम्ही तिघं उभे. वरून थेंब पडतायत, काकाजी गिलासाकडे बघतायत. मला वाटलं, म्हातारा येडा आहे.

थोड्या वेळानं त्यांनी कंदील जवळ नेला. गिलास बाहेरून ओलाचिंब.

"गिलास गळते का?"

"नाही," आई म्हणाली.

"मंग टिनाले काहून म्हणता?" त्यांनी हाताची पालथी बाजू पत्र्याला लावली, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "याले घाम येऊन राहिला. दिवसभर हा मुरूम ओल सोडते. तुमच्या सतरंज्या धुवून अर्ध्या ओल्या आत येतात. ते सारं या हवेत राहते. रात्री पत्रा गारठला की हवा त्याले टेकते अन् पाणी सोडते. बाहेर जायले तिले वाट नाही ठेवली तुम्ही. सिमेंट भरलं, बारदान ठोकलं. ते बिचारी जाईन कोठं?"

आईनं कंदील खाली ठेवला. "म्हणजे वाडीले मी विचारलं होतं ते..."

"काय विचारलं होतं?"

तिनं सांगितलं. काकाजींनी तिला नमस्कार केला. खरंच, दोन्ही हात जोडून. माझ्या आईला असा नमस्कार तोवर कोणी केला नव्हता.

उपाय मात्र साधा नव्हता. सगळं सामान बाहेर काढायचं. डांबर वर नाही, खाली पाहिजे: मुरमावर डांबरी कागद अंथरायचा, त्यावर विटा, विटांवर फळ्या, मग गाद्या. पत्र्याखाली चार बोटं सोडून तट्टे. कोणतीही सतरंजी दोन उन्हं दाखवल्याशिवाय आत घ्यायची नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी ते म्हणाले, छपराच्या शेंड्याशी दोन्ही बाजूंना हातभर लांब फट कापायची आणि खाली जमिनीलगत चार. वरच्यांना पावसासाठी झापडं, खालच्यांना उंदरांसाठी जाळी. थंड हवा खालून येईल, ओली हवा वरून जाईल.

नव्याकोऱ्या गॅरेजला सहा भोकं! तीही लग्न तोंडावर आलं असताना.

छिन्नी-हातोडा त्यांनी आणला, शिडी लावली, आणि स्वतः बाजूला झाले. "पह्यला घाव मालकानं घालायचा. मी नाही घालत."

आई शिडीखाली उभी. म्हणाली, "काकाजी, चुकलं तं?"

"चुकलं तं बिछायत जाईन, बाई. मी खोटं नाही सांगत तुम्हाले. मले वाटते नाही चुकणार. पण घर तुमचं आहे."

मी आईला म्हणाले, नको, आपण दुसऱ्या कोणाला तरी विचारू. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पदर खोचला, चार पायऱ्या चढली आणि छिन्नीवर असा हातोडा घातला की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे उडाले. माझ्या आईला शिडीवर चढलेली मी पहिल्यांदा बघत होते. मी खाली शिडी धरून रडत होते, आणि भीतीनं नाही, एवढं मला कळत होतं.

मोठे बाबा दुसऱ्या दिवशी आले आणि सायकल तशीच आडवी पडू दिली. "गळते म्हणून भोकं पाडली? अवं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कोणाच्या नादी लागल्या?" काकाजी कुंपणापाशी उभे होते. भांडतील असं मला वाटलं, भांडायला हवंही होतं. त्यांनी मोठ्या बाबांना फक्त विचारलं, "डांबर तुम्ही लावलं का जी? हात साफ आहे तुमचा. एक बोल्ट नाही सुटला." मोठे बाबा एवढे गोंधळले की सायकल उचलून निघून गेले.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. तट्टे बसले, विटा बसल्या. रोज पहाटे आई जायची, तट्ट्यांना हात लावायची आणि चुलीपाशी येऊन बसायची. पहिले दोन दिवस तट्टे दमट लागले. मी म्हटलं झालं, संपलं. काकाजी म्हणाले, "आधीची ओल आहे. निघू दे तिले." तिसऱ्या दिवशी आई चुलीपाशी येऊन बसली आणि गुणगुणायला लागली. बाबा गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती.

लग्नाच्या दिवशी पहाटे मोठे बाबा स्वतः चादरी न्यायला आले. त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडाक्याची थंडी होती, कुंपणाच्या तारेवरसुद्धा दवाचे मणी. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आत गेले, हात वर करून तट्ट्यांवरून फिरवला, तळहात उजेडात धरून बघितला. पुन्हा फिरवला. मग बाबांच्या चादरींचं गाठोडं सोडलं आणि एकेक चादर दारात उजेडाला धरून उलटसुलट बघू लागले. अकरा चादरी होत्या. नव्यानं शिवलेल्या चार, आणि आईनं पुन्हा पुन्हा ताकात भिजवून, उन्हात घालून ठिपके काढलेल्या सात. अकरावी त्यांनी दोनदा घडी करून ठेवली. "धाकट्याची नीळ अशीच राह्यची," एवढंच म्हणाले. किल्लीचं नाव काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

लग्न आटोपून घरी आल्यावर मला काय चढलं होतं विचारू नका. मी थेट काकाजींच्या ओट्यावर गेले आणि मोठ्या बाबांची नक्कल सुरू केली. धोतर सावरत छपरावर बसून डांबर कसं ओतत होते, 'श्वासही नाही जाऊ शकत' कसं म्हणाले, सगळं. मला वाटलं होतं काकाजी पोट धरून हसतील.

"हासू नको," ते म्हणाले.

मी थांबले.

"मी बी लावलं होतं डांबर." ते गिलास पुसत होते, पुसतच राहिले. "नवीन नोकरी होती. टिनाचं क्वार्टर. मायी बायको दम्याची. थंडीत छतातून तिच्या अंथरुणावर पाणी पडे. मले वाटलं गळते. मी डांबर लावलं. मंग तिले थंडी लागू नये म्हणून साऱ्या फटी बुजवल्या, कागद चिकटवले, चिंध्या ठोकल्या. मोठ्या मायेनं केलं पोरी. जितकं बुजवलं तितकं पाणी वाढलं. भिंती काळ्या पडल्या. बायको म्हणे, एक खिडकी उघडा नं जी, जीव घाबरून राहिला. मी म्हणो, थंडी लागंन." गिलास उलटा करून पुसत म्हणाले, "दुसरा हिवाळा नाही काढला तिनं. अन् मले हे कळलं कधी? तं डब्यांच्या कारखान्यात, चार वर्षांनी. एका मिस्त्रीनं सांगितलं. हसत हसत सांगितलं त्यानं."

जिच्या तोंडाला सारं लेआउट भ्यायचं ती मी, गुडघ्यात मान घालून बसले.

"तुया मोठ्या बाबानं मायेनंच लावलं डांबर," ते म्हणाले. "म्हणून म्हणतो, हासू नको."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीवरचं भांडं उतरवलं. मग गॅरेजच्या कुलपाची दुसरी किल्ली, जी मोठ्या बाबांना द्यायची ठरली होती ती, खुंटीवरून काढली आणि कुंपणापाशी गेली. "काकाजी, हे तुमच्यापाशी असू द्या. पहाटे तट्ट्यांले हात लावून पाहत जा. मले एकटीले भरोसा नाही वाटत." तिला भरोसा वाटत होता. मला माहीत आहे. काकाजींनाही माहीत असणार. त्यांनी दोन्ही हातांनी किल्ली घेतली.

त्यानंतर दर हिवाळ्यात भल्या पहाटे कुलूप वाजायचं आणि मी अंथरुणात कूस बदलायची. काकाजी आत जायचे, हात लावून यायचे, आणि कुंपणावरून आवाज द्यायचे, "कोरडं आहे, बाई!" आई आतून म्हणायची, "बरं जी!" एवढंच. कितीतरी वर्षं.

बिछायत वाढली, दुसरं गॅरेज घ्यायची वेळ आली, तेव्हा काकाजी वाडीला गेले ते मोठ्या बाबांना सोबत घेऊन. दोन म्हातारे, एक सायकल. मोठे बाबा तसेच आत शिरून दार लावून घेत आणि ओरडत, "उजेड दिसते!" आणि बाहेरून काकाजी ओरडत, "मंग चांगलं आहे, हेच घ्या!" विकणाऱ्याला वाटलं दोघंही सटकलेले आहेत. ते गॅरेज आजही उभं आहे.

काकाजी गेले ते एका पावसाळ्यात, झोपेतच. त्यांच्यामागे कोणी नव्हतं. खाली अंथरायला आईनं बाबांच्या वेळची चादर काढून दिली, सगळ्यात पांढरी. गर्दी एवढी झाली की पोस्टमन, दूधवाले, गहू निवडणाऱ्या बाया, सारे भर पावसात उभे होते. मोठे बाबा कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते.

नंतर त्यांचं घर आवरायला आम्ही मायलेकी गेलो. सामान ते काय, दोन सदरे, घोंगडं, गिलास. फडताळात एक घट्ट झाकणाचा डबा होता. उघडला तर आत गळ्यापर्यंत भाजलेले तांदूळ. ते शिळे झाले असतील म्हणून मी परातीत ओतले, तर त्यांतून एक पुरचुंडी निघाली. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली आमची किल्ली. डब्यातली सारी ओल तांदळांनी पिऊन टाकली होती, तिच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

बाहेर पाऊस कोसळत होता. चौकट ओली, भिंत ओली, आमची पातळं ओली. आईनं ती किल्ली हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघितली आणि कुंपणाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "कोरडी आहे, काकाजी!"